सावळ्या त्वचेचा कर्करोग: कुठे पाहावे, काय करावे

त्वचेच्या बाह्यथराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत या रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्यांनी बनवलेल्या मेलॅनिनच्या कणांमुळे. सावळ्या त्वचेत हे कण मोठे असतात, सुटे सुटे राहतात आणि वरच्या पेशींपर्यंत टिकून राहतात. पेशीच्या केंद्रकावर छत्री धरल्यासारखे ते जमतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांचा मारा झेलतात. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत काळ्या त्वचेचा बाह्यथर सरासरी 13.4 इतके, तर गोऱ्या त्वचेचा 3.4 इतके संरक्षण देतो असे आढळले. सनस्क्रीनच्या बाटलीवर एसपीएफचा जो आकडा छापलेला असतो, त्याच मापातले हे आकडे आहेत. ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग घरोघरी माहीत असतो आणि भारतात एकूण कर्करोगांत त्याचा वाटा अगदी लहान असतो, याचे मुख्य कारण हेच.

या संरक्षणाची दुसरी बाजूही आहे. हा गोऱ्यांचा रोग, अशी समजूत रुग्णाच्या मनात असते आणि कित्येकदा त्याला तपासणाऱ्याच्याही मनात असते. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक चित्रेही गोऱ्या त्वचेवरची. त्यामुळे सावळ्या त्वचेवरचा कर्करोग ओळखायला उशीर होतो आणि जो रोग सुरुवातीला एका छोट्या शस्त्रक्रियेत संपला असता, तो लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचल्यावर समोर येतो. मेलॅनिन उन्हापासून वाचवते. वर्षानुवर्षांचे घर्षण, भाजल्याचे जुने व्रण आणि न भरणारी जखम यांपासून ते वाचवत नाही. म्हणून सावळ्या माणसाने उघड्या अंगाइतकेच झाकलेले अंगही तपासले पाहिजे.

कमरेवरचा व्रण

वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 2024 साली 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत मांडली. पहिली सत्तर वर्षांची. उजव्या कुशीत, बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मध्ये, अठरा महिने न भरलेला दुखरा व्रण. व्रणाभोवतीच्या त्वचेचा रंग गेलेला. ती नऊवारीच्या आत परकर घट्ट बांधत असे. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. तिचा व्रण दोन वर्षांचा. ती परकर न घालता चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत आली होती आणि लुगड्याची गाठ कमरेला घट्ट आवळलेली असे. तुकडा तपासल्यावर दोघींनाही त्वचेचा कर्करोग, बाह्यथरातल्या चपट्या पेशींचा म्हणजे खवलेपेशी कर्करोग, असल्याचे निघाले. दुसरीचा रोग तोवर जांघेतल्या ग्रंथीत उतरला होता.

हे काही पहिल्यांदाच दिसलेले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह 1945 साली, माणसाच्या नेहमीच्या सवयींमधून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध लिहिला होता. धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद त्यात आहे. पुढे त्याच जातीच्या रोगाला साडीचे नाव जोडले गेले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मात्र साडीपेक्षा नाड्याकडे बोट दाखवले आणि ते अधिक नेमके आहे, कारण दाब नाड्याचा किंवा त्याच्या जागी आवळलेल्या गाठीचा असतो.

तो कसा काम करतो हे जवळून पाहण्यासारखे आहे. परकराचा नाडा बहुधा सुती, बोटाहून अरुंद आणि पिळाने दोरीसारखा झालेला. साडीचे सगळे वजन त्यावर असते, म्हणून तो आवळूनच बांधावा लागतो. गाठही वर्षानुवर्षे एकाच बाजूला, हाताच्या सवयीने पडते. चुलीपुढे किंवा शेतात काम करताना घाम ओघळून तिथेच मुरतो. घामातला क्षार आणि धूळ साठते, वाकताना-उठताना नाडा त्वचेवर घासला जातो. आधी वळ उठतो, तो रात्री उतरतो. काही वर्षांनी वळ उतरेनासा होतो, त्वचा काळी, जाड, खरखरीत होते, खाज येते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. मग कधी तिथे चीर पडते, ती भरते आणि पुन्हा उलते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत गोष्ट काळेपणा आणि खाज यांपाशीच थांबते. कर्करोग क्वचितच होतो. पण उलणे आणि भरणे यांचे चक्र दहा-वीस वर्षे चालले की दुरुस्तीसाठी सतत विभागणाऱ्या पेशींत बिघाड साचत जातो आणि एखादी जखम भरायचे नावच घेत नाही.

उपाय साधा आणि फुकटचा आहे. नाड्याऐवजी दोन-अडीच इंच रुंद पट्टी किंवा कापडी कंबरपट्टा शिवून घ्यावा, म्हणजे तोच दाब रुंद जागेवर पसरतो. गाठीची जागा दर काही दिवसांनी बदलावी: आज उजवीकडे, पुढच्या आठवड्यात डावीकडे, कधी थोडे वर, कधी खाली. घरी असताना सैल कपडे घालावेत. कमरेवर पापुद्रे निघू लागले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत तिथे नाडा येऊच देऊ नये. सलवारीचा नाडा, पायजम्याची नाडी, जीन्सवरचा कचकचून आवळलेला पट्टा यांनाही हेच लागू आहे.

जुने डाग, जुन्या जखमा

कमरेचा हा रोग ज्या मोठ्या गटात मोडतो त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाने 1828 साली जुन्या वणांवर उठणाऱ्या अशा व्रणांचे वर्णन केले. भाजल्याचा जुना वण, वर्षानुवर्षे वाहणारा हाडाचा नासूर, पायावरच्या फुगलेल्या शिरांचा व्रण, महारोगात बधिर झालेल्या तळव्याची जखम, यांपैकी कशातही तो उद्भवू शकतो. भाजणे आणि कर्करोग यांमध्ये बहुधा तीसेक वर्षे जातात, म्हणून दोहोंचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही. लहानपणी कंदील कलंडून किंवा उकळते पाणी सांडून पाय भाजला होता, ही गोष्ट पन्नाशीत कोणाला सांगावीशी वाटत नाही. ती डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे. काश्मीरमध्ये थंडीत फिरन नावाच्या झग्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. तिच्या उष्णतेने पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. एल्म्सली यांनी 1866 सालीच केली होती.

जुन्या वणात पुढीलपैकी काहीही दिसले तर ते किरकोळ समजू नये. शांत पडलेला डाग पुन्हा उलणे, कडा उलटून फुलकोबीसारखे मांस वाढणे, दुर्गंधी, हात लागताच रक्त येणे, पूर्वी न दुखणाऱ्या जागी दुखू लागणे. अशा वेळी जांघ किंवा काखही चाचपून पाहावी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते आणि जखम भरली की ते ओसरते, हा सगळ्यांच्या अनुभवातला भाग आहे. जखम जुनी, आणि गाठ टणक, न दुखणारी, महिनाभर तशीच, असे असेल तर मात्र ते साधे अवधाण नव्हे.

महारोगाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. बहुविध औषधोपचार 1982 पासून जगभर सुरू झाला, भारतात तो फुकट मिळतो, आणि त्याने जंतू मरतात. पण आधीच मेलेल्या चेतातंतूंची संवेदना परत येत नाही. तळव्याला खडा टोचलेला कळत नाही, चटका कळत नाही आणि जखम होते ती चालता चालता खोल जाते. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले की बोटे रोगाने झडत नाहीत, बधिरपणामुळे होणाऱ्या दुखापतींनी झिजतात. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या एमसीआर चपला तेव्हापासून रुग्णांना दिल्या जातात. रोज संध्याकाळी पाय कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवणे, घट्टे हलक्या हाताने घासणे, तेल लावणे आणि तळवा डोळ्यांनी पाहणे एवढे केले तर बहुतेक जखमा टळतात. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांचीही तपासणी रोज करावी, तीही डोळ्यांनी. पाणी किती गरम आहे हे मात्र बधिर पायाने न ठरवता हाताच्या कोपराने पाहावे.

चेहरा, तळवा, नख

त्वचेचा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तळपेशींचा. तो चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, गालावर येतो. गोऱ्या माणसात तो गुलाबी मोत्यासारखा दिसतो. सावळ्या त्वचेवर तो पुष्कळदा काळा किंवा निळसर काळा, चकचकीत आणि कडेला बारीक मण्यांची ओळ असलेला असतो. मध्ये खड्डा पडतो, खपली धरते, निघते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते. पन्नाशीनंतर उगवलेला हा 'तीळ' लोक वर्षानुवर्षे बाळगतात. त्यावर चुना आणि सोडा लावणे, केस बांधून तो तोडू पाहणे, बिब्ब्याने डागणे असले प्रकार घरोघरी चालतात. त्याने वरचा भाग जळतो, खालची मुळे तशीच राहतात आणि त्यांवर वण धरल्यामुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. हा रोग दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो, पण नाकाची कूर्चा आणि डोळ्याची पापणी खाऊन टाकू शकतो. वेळेत काढला तर तो जवळजवळ नेहमीच बरा होतो.

रंगपेशींचा कर्करोग, म्हणजे मेलॅनोमा, हा त्वचेच्या तीन मुख्य कर्करोगांतला सर्वांत घातक. गोऱ्या माणसात तो पाठीवर, पोटरीवर येतो. आशियाई आणि आफ्रिकी माणसात मुख्यतः तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीचा समजला गेला होता. 1977 साली तो मेलॅनोमा असल्याचे कळले, 1981 साली मार्ली वयाच्या 36 व्या वर्षी वारला.

हा रोग तळव्यावरच का येतो, यावर गेल्या दहा वर्षांत चांगले संशोधन झाले. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 2016 साली रुग्णांच्या तळव्यांवरच्या गाठींच्या जागा नकाशावर मांडल्या. टाच, पुढचा चवडा आणि बाहेरची कड, म्हणजे ज्या जागी चालताना भार पडतो, तिथे गाठी जास्त होत्या. जमिनीला न टेकणाऱ्या कमानीत कमी. 2022 साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात झेब्रा माशांवर प्रयोग करून वेगळे उत्तर मिळाले. हातापायांच्या टोकांतल्या रंगपेशींना त्या जागेची एक जनुकीय ओळख असते, आणि सीआरकेएल नावाच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की तीच ओळख त्यांना कर्करोगाकडे ढकलते. माशाच्या अंगावर तेच जनुक तितका परिणाम करत नव्हते, परांवर करत होते. ही दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना छेद देत नाहीत. दोन्हींत ऊन मात्र कुठेच नाही, ही ध्यानात घेण्याजोगी बाब आहे.

तपासताना काय पाहायचे? तळव्यावरचा नवा काळा डाग, ज्याची कड नकाशासारखी वेडीवाकडी आहे, ज्यात काळा, तपकिरी, करडा असे एकाहून अधिक रंग आहेत, जो वाढतो आहे. कुरूप किंवा भोवरी समजून महिनोन्महिने पट्टी लावलेली, पण न बसणारी आणि ओलावणारी गाठ. काही मेलॅनोमांना रंगच नसतो, ते मांसाच्या कणासारखे लाल दिसतात, म्हणून फक्त काळा रंग शोधत बसू नये. नखावर उभी काळी-तपकिरी रेघ सावळ्या लोकांत सर्रास असते, दोन-चार बोटांवर असेल तर बहुधा जन्मजात ठेवणीचाच भाग असते. एकाच बोटाची रेघ, तीही मोठ्या वयात उमटलेली, महिन्यागणिक रुंदावणारी, आणि नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीतही काळेपणा सांडलेला, हे धोक्याचे चिन्ह. नख चेचले तर त्याखालचे रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते. अंगठ्याच्या नखावर पेनाने खूण करून किंवा फोटो काढून दोन महिने पाहिले की हा फरक घरीच कळतो. डाग जागचा हलला नाही तर थांबू नये.

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, उजेडात, सगळे अंग पाहावे. पाठ, कंबरेची मागची बाजू, टाळू आणि तळवे घरातल्या माणसाला पाहायला सांगावेत. म्हाताऱ्या माणसांचे पाय सुनेने किंवा नातवंडांनी चार मिनिटे हातात घेऊन पाहिले तर त्याहून मोठी तपासणी नाही.

लहान मुलांत त्वचेचा कर्करोग अत्यंत दुर्मिळ, एका अपवादाने. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात अतिनील किरणांनी जनुकद्रव्यात पडणारे बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणाच जन्मतः मोडकी असते. जेम्स क्लीव्हर यांनी 1968 साली हे दाखवले. दोन वर्षांच्या आतच बाळाच्या चेहऱ्यावर ठिपके उठतात, उजेडात डोळे उघडवत नाहीत, थोड्या उन्हाने कातडी भाजते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच विकार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याचे प्रमाण वाढते. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्राच्या काही भागांत आजही आहे, आणि अशा घरांत एका मुलाला हा विकार असेल तर पुढच्या गर्भारपणाआधी आनुवंशिकी सल्ला घ्यावा. या मुलांचे आयुष्य उन्हापासून किती काटेकोर वाचवले जाते यावर ठरते. खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा, दिवसाऐवजी संध्याकाळनंतरचे खेळ. ज्यांच्या अंगात रंगच बनत नाही अशा भुऱ्या व्यक्तींनाही उन्हाचा धोका खरा आहे आणि त्यांनी टोपी, बाह्या व सनस्क्रीन यांत कसूर करू नये.

ट्यूबमुळे झाकलेला रोग

कर्करोगाच्या कित्येक सुरुवाती इसब किंवा नायट्यासारख्या दिसतात. बाह्यथरातच असलेला, अजून खोल न गेलेला कर्करोग लालसर खवल्यांचा चट्टा म्हणून वर्षानुवर्षे राहतो. त्वचेत मुरणारा एक लसिकापेशींचा कर्करोगही तसाच दिसतो. त्यावर औषधाच्या दुकानातून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की लाली ओसरते, खाज थांबते आणि रोग आत चालू राहतो. केंद्र सरकारने 2018 साली अशी बहुतेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी तरतूद केली, तरी ती काउंटरवर मागितली की मिळतात.

याच ट्यूबांचा गजकर्णावर झालेला परिणाम तर सर्वांसमोर आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरे होणारे गजकर्ण गेल्या दशकात हटेनासे झाले, घरातल्या सगळ्यांना होऊ लागले, अंगभर पसरू लागले. यामागच्या बुरशीला जपानी संशोधकांनी 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध ज्या विकरावर काम करते, त्या विकराच्या जनुकात तिने बदल करून घेतले आहेत. स्टेरॉइडने त्वचेचा प्रतिकार दडपल्यामुळे तिला मोकळे रान मिळाले. 2023 साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले. गजकर्ण झाले तर स्टेरॉइडची ट्यूब बंद करावी, टॉवेल-चादरी वेगळ्या ठेवून गरम पाण्यात धुवाव्यात, घरातल्या सगळ्यांवर एकदम उपचार करावेत आणि चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध पुरे करावे.

फिकट चट्ट्याबाबत एक पडताळा घरीच होतो. डोळे मिटून कापसाच्या टोकाने चट्ट्याला स्पर्श करून घ्यावा. स्पर्श कळला नाही तर महारोगाची तपासणी करून घ्यावी, ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पांढरेशुभ्र, स्पर्श नीट कळणारे डाग बहुधा कोडाचे. कोड कर्करोग नाही, संसर्गाचा नाही, आणि त्यावर रक्सोलिटिनिब हे मलम 2022 साली अमेरिकेत मंजूर झाले. चाचण्यांत सुमारे 30 टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरचा तीन-चतुर्थांश किंवा अधिक रंग चोवीस आठवड्यांत परतला.

तुकडा काढणे

चार ते सहा आठवड्यांत न भरलेल्या कोणत्याही व्रणाचा तुकडा तपासून घ्यावा. या एका वाक्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे, आणि लोक अडतात तेही इथेच. तुकडा काढला की रोग भडकतो, चाकू लागला की पसरतो, ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. वस्तुस्थिती अशी की रोग पसरलेला निघाला तर तो आधीच पसरलेला असतो आणि तुकड्याने तो फक्त कळतो. क्रिया पाच-दहा मिनिटांची. जागा बधिर करणारे इंजेक्शन देतात, तेवढीच टोचणी जाणवते. पेनाच्या रिफिलहून थोड्या रुंद, तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा दंडगोल कापून घेतात, एखादा टाका घालतात. मोठ्या व्रणात कडेचा भाग घ्यावा लागतो, मध्ये मेलेले मांस असते. जुन्या व्रणात एका तुकड्यात काही निघाले नाही तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे पुन्हा घ्यायला सांगतात, त्याने घाबरू नये. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला पाठवायचा आग्रह धरावा, सौंदर्यासाठी काढलेला तीळही. लेसरने जाळून टाकलेल्या गाठीचे निदान कधीच करता येत नाही.

मोबाइलवर फोटो टाकून निदान सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 साली 1,29,450 चित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली तज्ज्ञांच्या तोडीस तोड निघाली खरी, पण 2022 साली विविध वर्णांच्या त्वचेच्या 656 चित्रांवर अशा प्रणाली तपासल्या तेव्हा गडद त्वचेवर त्यांची चूक वाढली. ज्या चित्रांवर यंत्र शिकते, तेवढेच त्याला दिसते. फोटोचा उपयोग निराळा आहे: डागाशेजारी रुपयाचे नाणे ठेवून दर महिन्याला एक फोटो काढला तर डॉक्टरांना वाढ मोजता येते.

उपचार आणि नवे संशोधन

पहिला उपचार शस्त्रक्रियाच. गाठीभोवतीची निरोगी त्वचाही ठरावीक रुंदीने काढतात, छोट्या तळपेशी कर्करोगात चार मिलिमीटर पुरतात. उघडी जागा शेजारची कातडी सरकवून किंवा मांडीची पातळ कातडी लावून झाकतात. मेलॅनोमात गाठ किती मिलिमीटर खोल गेली यावर सगळे ठरते. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 साली सुचवलेले हे माप आजही वापरात आहे. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा रोग बहुतांशी शस्त्रक्रियेने बरा होतो.

पसरलेल्या रोगाचे चित्र 2011 नंतर पालटले. शरीराच्या प्रतिकारपेशींचा लगाम सोडवणाऱ्या औषधांनी हे घडवले. त्यामागच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना अशी दोन औषधे एकत्र दिली, त्यांपैकी 43 टक्के दहा वर्षांनी जिवंत होते, असे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वी असे बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. त्वचेच्या खवलेपेशी कर्करोगात शस्त्रक्रियेआधीच सेमिप्लिमॅब हे औषध देऊन पाहिले तेव्हा 79 पैकी 51 टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कर्करोगपेशी उरलीच नव्हती. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतले बदल वाचून त्याच्यापुरती बनवलेली एमआरएनए लस मेलॅनोमाच्या 157 रुग्णांत तपासली गेली. नेहमीच्या औषधाला तिची जोड दिल्यावर रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका 44 टक्क्यांनी कमी झाला. तळव्याच्या मेलॅनोमाला मात्र ही औषधे कमी मानवतात, कारण त्यात जनुकीय बदल थोडे असतात आणि प्रतिकारपेशींना परके असे फारसे दिसत नाही. म्हणून भारतीय रुग्णाला लवकर निदानाचे मोल अधिक आहे.

किमतीचा प्रश्न उरतो. त्यावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने एक वाट दाखवली, ती त्वचेच्या नव्हे तर डोके व मानेच्या कर्करोगात. 151 रुग्णांच्या चाचणीत प्रतिकारपेशींचा लगाम सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा 20 मिलिग्रॅम, इतर औषधांच्या जोडीला दिले. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. त्वचेच्या कर्करोगात असे अभ्यास व्हायला हवेत. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात, म्हणून तपासणीला जातानाच रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावे.

सनस्क्रीनची गरज सगळ्यांना सारखी नसते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नॅम्बूर गावात 1992 ते 1996 या काळात 1,621 लोकांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत खवलेपेशी कर्करोग सुमारे 40 टक्क्यांनी घटला. ती गोऱ्या लोकांची चाचणी होती. सावळ्या माणसाला सनस्क्रीनचा मुख्य फायदा वांग आणि काळे डाग आवरण्यात आहे, आणि तिथे दिसणारा प्रकाशही कारणीभूत असल्याने लोहऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन जास्त उपयोगी पडते. लावणारे बहुतेक लोक हव्या त्याच्या निम्म्याहून कमी लावतात. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लागते. शेतात, रस्त्यावर राबणाऱ्याला टोपी, पदर, उपरणे आणि पूर्ण बाह्या यांनी जे मिळते ते कोणत्याही ट्यूबने मिळत नाही.

कर्करोग काढल्यानंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते, कारण उलटणारा रोग बहुधा याच काळात उलटतो. प्रत्येक वेळी वण, त्याभोवतीची हातभर त्वचा आणि जवळच्या ग्रंथी पाहतात. लावलेल्या कातडीला घाम येत नाही आणि तेल सुटत नाही, म्हणून तिला रोज खोबरेल तेल चोळावे आणि उन्हापासून जपावे. कमरेचा वण असेल तर त्यावर पुन्हा नाडा बांधू नये, पट्टी त्याच्या वर किंवा खाली घ्यावी. पायाचा असेल तर चप्पल मोचीकडून वणाच्या मापाने खोलगट करून घ्यावी, भार दुसऱ्या जागेवर जाईल अशी.